नवी मुंबई विमानतळ नेमका कोणाचा? ७४ आणि २६ टक्क्यांचा अर्थ काय?

पनवेल आणि उलव्याच्या मध्ये उभा राहिलेला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवाशांसाठी सुरू झाला. तेव्हापासून, खरे तर त्याच्या आधीपासूनच, समाजमाध्यमांवर दोन दावे फिरताना दिसतात. एक म्हणजे 'सरकारने विमानतळ विकून टाकला'. दुसरा म्हणजे 'विमानतळ सरकारचाच आहे, कंपनी फक्त चालवते'.

दोन्ही दावे अर्धवट आहेत. सार्वजनिक विमानतळाचा कारभार एकाच मालकाच्या हाती नसतो. जमीन एकाची, बांधकाम दुसऱ्याचे, शुल्क ठरवणारा तिसरा आणि सुरक्षा चौथ्याची अशी ही वाटणी असते. ती कशी केली जाते, पनवेलला कोणती पद्धत निवडली गेली आणि दुसरे कोणते पर्याय होते, हे सोप्या भाषेत समजून घेऊ.

केंद्राच्या हातात काय, राज्याच्या हातात काय?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विमानवाहतूक आणि विमानतळ हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत. जमीन हा विषय मात्र राज्याच्या सूचीत आहे. त्यामुळे राज्याने जमीन दिल्याशिवाय विमानतळ होत नाही आणि केंद्राच्या परवानगीशिवाय तिथून विमान उडत नाही.

विमानतळ कोणीही चालवत असो, काही कामे केंद्राकडेच राहतात. विमानतळाला परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए देते. आकाशातील वाहतुकीचे नियंत्रण भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे असते. मोठ्या विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल पाहते. सीमाशुल्क आणि इमिग्रेशन ही तर थेट केंद्राची खाती. विमानतळाच्या नावावर शेवटची मोहोरही केंद्राचीच. म्हणूनच दि. बा. पाटील यांच्या नावाचा ठराव विधिमंडळाने २०२२ मध्ये केला, तरी तो मंजुरीसाठी केंद्राकडे पाठवावा लागला.

म्हणजे खासगी कंपनीकडे जे जाते ते म्हणजे धावपट्टी आणि टर्मिनल बांधणे, त्यांची देखभाल करणे, दुकाने, पार्किंग आणि मालवाहतुकीतून उत्पन्न मिळवणे. वाद होतो तो या भागावर.

पनवेलच्या विमानतळाची मालकी कशी आहे?

विमानतळासाठी सुमारे १,१६० हेक्टर जमीन लागली. ती मिळवण्याची आणि तयार करून देण्याची जबाबदारी सिडकोकडे होती. उलव्याची टेकडी कापणे, नदीचे पात्र वळवणे, उच्चदाब वीजवाहिन्या हलवणे ही धावपट्टीपूर्वीची कामे सिडकोनेच केली.

पुढचे बांधकाम आणि कारभार यांसाठी 'नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ प्रायव्हेट लिमिटेड' ही स्वतंत्र कंपनी आहे. एकाच प्रकल्पासाठी काढलेल्या अशा कंपनीला विशेष उद्देश कंपनी किंवा एसपीव्ही म्हणतात. या कंपनीत अदानी समूहाकडे ७४ टक्के आणि सिडकोकडे २६ टक्के भाग आहेत.

कंपनीला विमानतळ बांधून ठरावीक काळ चालवण्याचा हक्क मिळाला आहे. हा करार जानेवारी २०१८ मध्ये झाला आणि त्याची मूळ मुदत ३० वर्षांची आहे. त्यामुळे 'विकला' हा शब्द चुकतो, कारण जमिनीची विक्री झालेली नाही. पण 'कंपनी फक्त चालवते' हेही चूक. पैसे उभे करणे, बांधणे, दुकानांचे करार करणे आणि रोजचे निर्णय घेणे हे सगळे बहुमत असलेल्या भागधारकाच्या हातात आहे.

२६ टक्केच का? २५ किंवा ३० का नाहीत?

हा आकडा सहज आलेला नाही. कंपनी कायद्यानुसार काही मोठे निर्णय साध्या बहुमताने घेता येत नाहीत, त्यांना विशेष ठराव लागतो. विशेष ठरावाच्या बाजूची मते विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट, म्हणजे सगळ्यांनी मतदान केले तर ७५ टक्के असावी लागतात. समोरच्याकडे ७४ टक्के असतील तर तो एकट्याने असा ठराव मंजूर करू शकत नाही. कंपनीची मूळ नियमावली बदलणे किंवा भागभांडवल कमी करणे असे निर्णय २६ टक्केवाला अडवू शकतो.

मुंबई आणि दिल्लीच्या विमानतळांचे २००६ मध्ये खासगीकरण झाले तेव्हा विमानतळ प्राधिकरणाने स्वतःकडे नेमके २६ टक्केच ठेवले होते. पनवेलला तीच वाट धरली गेली.

या हक्काची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. २६ टक्क्यांनी अडवता येते, घडवता येत नाही. कंत्राट कोणाला द्यायचे, पार्किंगचा दर किती, भरती कशी करायची असे बहुतेक निर्णय साध्या बहुमताने होतात. दुसरे म्हणजे, कंपनीला नवे भागभांडवल लागले तर सरकारी भागधारकालाही आपल्या वाट्याचे पैसे घालावे लागतात. नाहीतर त्याचा टक्का घसरण्याचा धोका असतो.

सिडकोला पैसे कसे मिळतात?

इथे महसुलातील वाटा आणि नफ्यातील वाटा यांत नेहमी गल्लत होते.

२०१७ मध्ये या विमानतळासाठी बोली उघडल्या तेव्हा जीव्हीके समूहाच्या मुंबई विमानतळ कंपनीने महसुलाच्या १२.६० टक्के वाटा देऊ केला. जीएमआरची बोली १०.४४ टक्के होती. जास्त वाटा देणारा जिंकला.

समजा, एखाद्या वर्षी वाटणीस पात्र उत्पन्न १,००० कोटी रुपये झाले. मग १२.६० टक्क्यांप्रमाणे १२६ कोटी द्यावे लागतील, त्या वर्षी कंपनीला तोटा झाला असला तरीही. २६ टक्के भागांवरचा लाभांश मात्र नफा झाला आणि तो वाटायचे ठरले तरच मिळतो. त्यामुळे जाणकार सरकारी बाजू नफ्यापेक्षा महसुलावर वाटा मागते. खर्च फुगवून नफा कमी दाखवता येतो, महसूल लपवणे तुलनेने अवघड असते.

इतर ठिकाणचे आकडे पाहिले तर फरक मोठा दिसतो. दिल्लीत हा वाटा ४५.९९ टक्के, मुंबईत ३८.७० टक्के आणि गोव्याच्या मोपा विमानतळात ३६.९९ टक्के आहे. मग पनवेलला कमी मिळाले का? थेट तुलना करता येत नाही. दिल्ली आणि मुंबईचे विमानतळ आधीपासून प्रवाशांनी गजबजलेले होते. पनवेलला पहिल्या टप्प्यासाठीच सुमारे १९,६५० कोटी रुपये खर्च झाले आणि पहिला प्रवासी त्यानंतर आला. जोखीम जास्त असेल तिथे सरकारला मिळणारा वाटा सहसा कमी असतो.

प्रवाशांकडून घेतले जाणारे शुल्क कोण ठरवते?

तिकिटात 'यूडीएफ' नावाची एक रक्कम दिसते. हे वापरकर्ता विकास शुल्क. मोठ्या विमानतळांवर ते कंपनी स्वतःच्या मनाने लावू शकत नाही. २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले भारतीय विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण म्हणजे एरा ते ठरवते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वर्षाला ३५ लाखांहून जास्त प्रवासी असलेले विमानतळ सर्वसाधारणपणे या कक्षेत येतात. पनवेलच्या पहिल्या टप्प्याची क्षमताच दोन कोटी प्रवाशांची आहे.

विमानतळ सुरू होण्याआधी, मे २०२५ मध्ये, एराने तात्पुरते दर मंजूर केले. देशांतर्गत विमानाने जाणाऱ्या प्रवाशासाठी ६२० रुपये आणि परदेशी जाणाऱ्यासाठी १,२२५ रुपये. अंतिम दर ठरवताना हे आकडे बदलू शकतात.

दर काढण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. कंपनीने केलेली गुंतवणूक, चालवण्याचा खर्च आणि त्यावर वाजवी परतावा इतके पैसे विमानांशी संबंधित सेवांतून यावेत असा हिशेब मांडला जातो. दुकाने, जाहिराती आणि पार्किंगच्या उत्पन्नातील ३० टक्के रक्कम त्यातून वजा केली जाते, म्हणजे तेवढा भार प्रवाशांवरून उतरतो. उरलेले ७० टक्के कंपनीचे. २०१६ च्या राष्ट्रीय विमान वाहतूक धोरणात ही पद्धत स्वीकारली गेली आणि तिला हायब्रिड टिल म्हणतात.

याचा साधा अर्थ असा की बांधकामाचा मान्य झालेला खर्च वाढला की शुल्कही वाढते. म्हणून 'खर्च कंपनीने केला, आपल्याला काय?' हे म्हणणे बरोबर नाही. तो खर्च शेवटी तिकिटात येतो.

दुसरे कोणते पर्याय होते?

*पूर्ण केंद्र सरकारी.* कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर हे विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवते. मोठ्या विमानतळांचे उत्पन्न छोट्यांचा तोटा भरून काढते, हा या पद्धतीचा फायदा. निर्णय दिल्लीत होतात आणि स्थानिक गरजेनुसार विस्ताराला वेळ लागतो, ही तिची नेहमीची तक्रार.

*राज्याची कंपनी.* शिर्डीचा विमानतळ महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने बांधला. तो १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला अमरावतीचा विमानतळही याच कंपनीचा. राज्याचा ताबा राहतो, पण पैसे उभे करण्याचा भारही राज्यावरच येतो.

*केंद्र आणि राज्याची भागीदारी.* नागपूरसाठी मिहान इंडिया लिमिटेड ही कंपनी आहे. तिच्यात राज्याच्या कंपनीचे ५१ आणि विमानतळ प्राधिकरणाचे ४९ टक्के भाग आहेत. पुढे खासगी चालक नेमायचे ठरले तेव्हा जीएमआरची बोली महसुलाच्या ५.७६ टक्क्यांची होती, ती वाटाघाटीनंतर १४.४९ टक्क्यांवर गेली. राज्याने २०२० मध्ये प्रक्रियाच रद्द केली. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय चुकीचा ठरवला. करार व्हायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. बोली उघडल्यावर धोरण बदलले की किती वर्षे जातात, याचे हे घरचे उदाहरण.

*लोकांचे भागभांडवल.* केरळमधील कोची विमानतळ १९९९ मध्ये सुरू झाला. राज्य सरकार सर्वात मोठे भागधारक आणि त्याबरोबर हजारो छोटे भागधारक, त्यांत आखातातले अनेक मल्याळी, अशी ही रचना आहे. ती तिथे चालली, कारण परदेशी कामाला गेलेल्यांना घराजवळ विमानतळ हवा होता आणि त्यासाठी पैसे घालायची त्यांची तयारी होती.

*पूर्ण भाडेपट्टा.* २०१९ मध्ये अहमदाबाद, लखनौ, जयपूर, मंगळुरू, गुवाहाटी आणि तिरुवनंतपुरम हे सहा विमानतळ ५० वर्षांसाठी देण्याची बोली झाली. इथे सरकारी भागीदारी ठेवली नाही. प्रत्येक प्रवाशामागे ठरावीक रक्कम द्यायची, एवढाच व्यवहार.

परदेशात आणखी एक रीत दिसते. इंग्लंडमधील मँचेस्टर विमानतळाच्या मूळ कंपनीत त्या भागातील दहा स्थानिक पालिकांचे मिळून बहुमत आहे. जर्मनीतील फ्रँकफर्ट विमानतळाच्या कंपनीतही राज्य आणि शहर मोठे भागधारक आहेत. पनवेल महानगरपालिकेचा किंवा आसपासच्या ग्रामपंचायतींचा मात्र इथल्या कंपनीत भाग नाही.

मधेच मालक बदलला तर?

पनवेलला हेच झाले. बोली जिंकली जीव्हीके समूहाने. फेब्रुवारी २०१८ मध्ये पायाभरणी झाली. पण समूह कर्जात अडकला. ऑगस्ट २०२० मध्ये अदानी समूहाने जीव्हीकेच्या विमानतळ व्यवसायाचे कर्ज विकत घेण्याचा करार जाहीर केला आणि २०२१ मध्ये मुंबई विमानतळासह नवी मुंबईचा प्रकल्पही त्यांच्याकडे आला. नव्याने बोली झाली नाही, जुन्याच कराराखाली मालकी बदलली. त्यासाठी सरकारी बाजूची मंजुरी लागते, आणि अटी घालायची तीच एक संधी असते.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. नांदेड, लातूर, यवतमाळ, बारामती आणि धाराशिव ही पाच विमानतळे एमआयडीसीने २००९ मध्ये रिलायन्सच्या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. अपेक्षित विकास झाला नाही आणि पुढे राज्य सरकारला ती परत घेण्याची भाषा करावी लागली. म्हणून मुदत किती वर्षांची यापेक्षा काम झाले नाही तर ताबा परत कसा मिळेल, हे कलम जास्त महत्त्वाचे.

मुंबई आणि नवी मुंबई, दोन्ही एकाच समूहाकडे का?

२००६ मध्ये मुंबई विमानतळ देताना कंपनीला एक सवलत मिळाली होती. १५० किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ झाला आणि तिची बोली सर्वोत्तम बोलीच्या १० टक्क्यांच्या आत असली, तर तिला तेवढीच बोली देऊन काम मिळवण्याची पहिली संधी. प्रत्यक्षात २०१७ मध्ये तिचीच बोली सर्वात जास्त होती, त्यामुळे हा हक्क वापरावा लागला नाही.

दिल्लीत वेगळे घडले. जेवर येथील नोएडा विमानतळासाठी २०१९ मध्ये स्वित्झर्लंडच्या झुरिच विमानतळ कंपनीने प्रवाशामागे ४००.९७ रुपयांची बोली लावली आणि दिल्ली विमानतळाच्या कंपनीला मागे टाकले. तिथे दोन विमानतळ दोन चालकांकडे आहेत.

एकच चालक असला तर दोन्हीकडची उड्डाणे आणि दुरुस्तीचे वेळापत्रक जुळवणे सोपे जाते. पण विमान कंपन्यांना 'तुम्ही महाग आहात, आम्ही शेजारी जातो' असे म्हणता येत नाही. लंडनमध्ये हीथ्रो, गॅटविक आणि स्टॅनस्टेड हे तिन्ही एकाच कंपनीकडे होते. तिथल्या स्पर्धा आयोगाने २००९ मध्ये गॅटविक आणि स्टॅनस्टेड विकायला लावले. आपल्याकडे स्पर्धेची जागा एराच्या दरनियंत्रणावर सोपवलेली आहे.

यात पनवेलकरांचा आवाज कुठे आहे?

या विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशा दहा गावांतील वस्त्यांना उठावे लागले. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचा गोळीबारात मृत्यू झाला होता. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. विमानतळासाठी हेच प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले.

हा मोबदला जमिनीचा झाला. कारभारात वाटा वेगळा, आणि तो कंपनीत फक्त सिडकोमार्फत आहे. इथेच खरी अडचण आहे, कारण सिडकोच्या डोक्यावर एकाच वेळी अनेक टोप्या आहेत. ती जमीन देणारी आहे, पुनर्वसन करणारी आहे, कंपनीची भागधारक आहे, महसुलातील वाटा घेणारी आहे. शिवाय 'नैना' या विमानतळ प्रभाव क्षेत्राची नियोजन संस्थाही तीच आहे. विमानतळ जितका वाढेल तितका सिडकोच्या जमिनीचा भाव वाढतो. मग रात्रीच्या उड्डाणांचा आवाज, गावात शिरणारे पावसाचे पाणी किंवा स्थानिकांच्या नोकऱ्या या प्रश्नांवर सिडको कोणाच्या बाजूने बोलेल? संचालक मंडळावर सरकारी माणूस आहे म्हणून स्थानिकांचे हित आपोआप जपले जाईल, असे गृहीत धरता येत नाही.

सामान्य माणसाने कुठे प्रश्न विचारायचे?

खासगी बहुमताची विमानतळ कंपनी माहिती अधिकाराखाली येते का, यावर देशात अनेकदा वाद झाले आहेत. सिडको आणि विमानतळ प्राधिकरण मात्र या कायद्याखाली येतात. महसुलातून किती रक्कम मिळाली, पुनर्वसनाची किती प्रकरणे बाकी आहेत, हे सिडकोला विचारता येते. व्यावसायिक गुपिताचे कारण देऊन काही माहिती नाकारली जाऊ शकते, पण त्याविरुद्ध अपील करता येते.

एरा अंतिम दर ठरवण्याआधी प्रस्ताव जाहीर करून हरकती मागवते. तिथे विमान कंपन्यांबरोबर प्रवासी संघटना आणि नागरिकही म्हणणे मांडू शकतात. हरकत नोंदवण्याची मुदत संपल्यावर समाजमाध्यमांवर संताप व्यक्त करून दर बदलत नाही.

मग चांगली रचना ओळखायची कशी?

पुरंदरच्या विमानतळासाठी सात गावांतील भूसंपादनाचा प्रश्न पुढे आलेला आहेच. तिथे, किंवा राज्यात कुठेही नवा विमानतळ येईल तेव्हा, 'सरकारी की खासगी' या वादाआधी पाच प्रश्न विचारावेत.

१. मुदत संपल्यावर जमीन आणि इमारती कोणाकडे, कोणत्या स्थितीत परत येणार?

२. सरकारला महसुलातून वाटा मिळणार की नफ्यातून?

३. प्रवासी कमी आले किंवा खर्च वाढला, तर तोटा कोण सोसणार?

४. चालक बदलायचा असेल किंवा कामच झाले नाही, तर करार काय म्हणतो?

५. ज्यांची जमीन गेली आणि ज्यांच्या डोक्यावरून विमाने जाणार, त्यांचा प्रतिनिधी निर्णयाच्या टेबलावर कोण?

पनवेलच्या करारात पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे कलमांत शोधता येतात. पाचव्याचे उत्तर आज तरी 'सिडको' एवढेच आहे. ही सगळी उत्तरे करारावर सही होण्यापूर्वी मागावी लागतात, कारण सही झाल्यावर ती ३० वर्षांसाठी बांधली जातात.